तीनतालाची नववी मात्रा : हात रिकामा, मग तबल्यात 'धा' का?

ओसरी | रविवार, रात्री ९.४०

नमस्कार. गाण्यातल्या आणि तबल्यातल्या जाणकारांकडून एक गोष्ट समजून घ्यायची आहे.

माझी लेक ११ वर्षांची. दीड वर्षापासून गाणं शिकते, यंदा प्रवेशिका प्रथमला बसणार आहे. घरी रियाजाला मोबाइलवर तबला लावून देते. कोणी न सांगता ती ठेक्याबरोबर (तबल्यावर फिरून फिरून वाजणारे तालाचे ठरलेले बोल) हातावर ताल धरायला लागली, त्याचं मला फार कौतुक होतं. गेल्या आठवड्यात सराव परीक्षा झाली. तिला तीनताल (१६ मात्रांचा, म्हणजे १६ ठोक्यांचा ताल) हातावर धरून दाखवायला सांगितला. तिने १, ५ आणि १३ ला टाळ्या बरोबर दिल्या, पण 'खाली' (टाळीऐवजी हात रिकामा उघडायची जागा) दाखवली दहाव्या मात्रेला. परीक्षकांनी दोनदा थांबवलं, "नववी, नववी" म्हणाले. तिसऱ्यांदाही तिचा हात दहावीलाच उघडला. गुण गेले त्याचं काही नाही. पण घरी येऊन रडत म्हणाली, "आई, नववीला तबला बंद होतच नाही. दहावीला होतो. मी ऐकून केलं."

ती झोपल्यावर मी ठेका लावून ऐकत बसले. पोरीचं खरं आहे.

धा धिं धिं धा | धा धिं धिं धा | धा तिं तिं ता | ता धिं धिं धा

नवव्या मात्रेला चक्क 'धा' आहे, डग्ग्यासकट (डाव्या हाताने वाजतो, घुमतो तो). डग्गा गप्प होतो तो दहाव्या मात्रेच्या 'तिं'वर. आणि तेरावीला आपण टाळी देतो तिथे 'ता' आहे, म्हणजे डग्गा नाहीच. मग खाली नववीला का म्हणायची? तिच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "नियम आहे, पाठ करून घ्या." पाठ करून घेईनच. पण तिने कानाने जे पकडलं ते चुकीचं आहे, असं मला तिला सांगायचं नाहीये. कोणी नीट समजावेल का?

पेरांवर_सोळा | रविवार, रात्री १०.०५

खाली हाताची असते, तबल्याची नाही. परीक्षेत हात बघतात. काही दिवस तबला बंद ठेवून नुसत्या अंकांवर म्हणून घ्या. टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट. पुन्हा टाळी, करंगळी, अनामिका, मधलं बोट. नववीला टाळीच्या जागी तळवा वर. आठवड्याभरात हात बसेल.

डग्गेवाला | रविवार, रात्री ११.२०

ओसरीताई, आधी लेकीला शाबासकी द्या. तबला शिकणाऱ्या मुलांनासुद्धा ही जागा ऐकू यायला वर्ष-दोन वर्षं जातात. बहुतेक जण बोल पाठ म्हणतात, हात पाठ करतात आणि दोन्ही एकमेकांशी कधी ताडून बघतच नाहीत. तिने ताडून पाहिलं.

आता उत्तर. ठेका आपण पहिल्या मात्रेपासून लिहितो, म्हणून तो चार-चारच्या खंडांत वाचतो. एकदा दुसऱ्या मात्रेपासून म्हणून बघा:

धिं धिं धा धा | धिं धिं धा धा | तिं तिं ता ता | धिं धिं धा धा

बघा, चारही तुकडे एकाच साच्याचे झाले. तिसरा पूर्ण मिटलेला, बाकीचे तीन पूर्ण उघडे. दुसऱ्या मात्रेला सुरू झालेलं वाक्य पाचवीला संपतं. सहावीला सुरू झालेलं नववीला संपतं. दहावीला सुरू झालेलं तेरावीला. आणि शेवटचं चौदावीला उठून समेवर, म्हणजे पुढच्या फेरीच्या पहिल्या मात्रेवर, येऊन संपतं. म्हणजे नववीचा 'धा' हा बंद खंडाचा पहिला बोल नाहीच, तो आधीच्या उघड्या वाक्याचा शेवट आहे. तेरावीचा 'ता' तसाच बंद वाक्याचा शेवट आहे.

हात सांगतो की खंड इथे सुरू झाला. ठेका त्या जागेवर येऊन पोचतो. एकाच मात्रेला एकाचा आरंभ आणि दुसऱ्याचा मुक्काम. तुमच्या लेकीने मुक्कामानंतरचं पहिलं पाऊल ऐकलं आणि तिथे हात उघडला. कानाच्या हिशेबाने ती बरोबर आहे, हाताच्या हिशेबाने एक मात्रा पुढे गेली.

आणि डग्गा नेहमी एक मात्रा उशिराच मिटतो असंही नाही. दिल्लीचा हा कायदा (विस्तार करायची तबल्याची ठरलेली बोलरचना) प्रत्येक तबलजी पहिल्या वर्ष-दीड वर्षात शिकतो:

धा धा ति ट | धा धा तिं ना | ता ता ति ट | धा धा धिं ना

मात्रेला एक बोल धरला तर इथे डग्गा सातवीलाच मिटतो, खालीच्या दोन मात्रा आधी. आणि परत येतो तो बरोबर तेराव्या मात्रेला, टाळीवर. तिलवाडा बघा, मात्रा सोळाच, टाळ्या-खाली अगदी तीनतालाच्याच:

धा तिरकिट धिं धिं | धा धा तिं तिं | ता तिरकिट धिं धिं | धा धा धिं धिं

यात डग्गा सातवीला मिटतो, नववीला सरळ 'ता' आहे आणि अकरावीच्या 'धिं'ला डग्गा पुन्हा बोलायला लागतो. हात तोच, डग्ग्याची वाट वेगळी. हे तिन्ही तिला एकापाठोपाठ ऐकवा. "डग्गा कुठे झोपला, कुठे उठला" एवढंच विचारा. हात नंतर.

ओसरी | सोमवार, सकाळी ७.१५

दुसऱ्या मात्रेपासून म्हणून पाहिलं. अंगावर काटा आला. इतकी वर्षं गाणं ऐकतेय, 'धिं धिं धा धा' असं कधी ऐकलंच नव्हतं. आता दुसरं काही ऐकू येत नाहीये. मनापासून धन्यवाद.

मृदंगधून | सोमवार, दुपारी १.३०

डग्गेवाल्यांनी तीनतालाचं उत्तम सांगितलं आहे. पण ओसरी, तुमच्या मूळ प्रश्नाचा दुसरा भाग राहतो : हात आणि ठेका यांनी एकमेकांशी जुळायलाच हवं, ही अपेक्षा कुठून येते? मी पखवाज शिकतो, म्हणून माझ्या बाजूने सांगतो.

हात ठेक्यापेक्षा फार जुना आहे. शार्ङ्गदेवाने १३ व्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या आश्रयाने संगीतरत्नाकर लिहिला. (देवगिरी म्हणजे आपलं संभाजीनगरजवळचं दौलताबाद. या विषयातला इतका मोठा ग्रंथ आपल्या मातीत लिहिला गेला, हे मुलांना सांगायला हवं.) त्यात आणि त्याआधी नाट्यशास्त्रातही तालाच्या क्रिया दोन जातींच्या आहेत : सशब्द आणि निःशब्द. उजव्या हाताचा आघात ती शम्या, डाव्या हाताचा तो ताल, दोन्ही हातांचा तो संनिपात. चुटकी वाजवायची तिला ध्रुव म्हणत. आणि आवाज न करता हात वळवायचा, पसरायचा, आत घ्यायचा त्या आवाप, निष्क्राम, विक्षेप, प्रवेश. आपली आजची टाळी आणि खाली ही त्या मोठ्या कुटुंबातली उरलेली दोन भावंडं समजा. तेव्हा तबल्याचा ठेका नव्हता. ताल म्हणजे हात आणि झांज.

धृपदात हे आजही दिसतं. धृपद गायक मांडीवर, हातावर उघड ताल धरून गातात, कारण पखवाजी सतत ठेका वाजवत बसत नाही. तो गाण्याच्या अंगाने परणी (पखवाजाच्या बोलरचना), लयीची कामं वाजवतो. म्हणून आवर्तन (तालाची एक पूर्ण फेरी) कुठे आहे हे सांगायला हात लागतो. ख्यालात उलटं झालं. तबल्याने ठेका अखंड धरायचं काम अंगावर घेतलं आणि हात मागे पडला. आज ख्याल गायक हातावर ताल क्वचित दाखवतो. हाताची आखणी मात्र जुनी होती तीच राहिली.

याचा सगळ्यात स्पष्ट पुरावा मला एकतालात दिसतो. आधी पखवाजाचा चौताल घ्या, १२ मात्रा :

धा धा | दिं ता | किट धा | दिं ता | तिट कत | गदि गन

टाळी १, ५, ९, ११ ला. खाली ३ आणि ७ ला. दोन्ही खालींवर 'दिं ता', तोच बोल. हात आणि पखवाज एकमेकांना धरून आहेत. आता एकताल, मात्रा त्याच १२, टाळी-खालीही तीच :

धिं धिं | धागे तिरकिट | तू ना | क त्ता | धागे तिरकिट | धी ना

तिसरीला हात रिकामा, आणि तिथे 'धागे', डग्गा भरून घुमतोय. पाचवीला टाळी, आणि तिथे 'तू', डग्गा गप्प. तीनतालात एका मात्रेचं अंतर होतं, इथे तर हात एक सांगतो आणि तबला बरोबर उलट. मला वाटतं हाताची आखणी चौतालाची आहे आणि एकतालाने ती जशीच्या तशी घेतली. तुमची लेक एकताल कानाने ऐकून हातावर धरेल तेव्हा काय करते ते नक्की लिहा.

मध्यलय | सोमवार, दुपारी ४.१०

माझं मत जरा वेगळं आहे आणि ते मनापासून मांडते. ३० वर्षं गाते, शिकवते. मुलांना आपण हातावर ताल धरायला लावतो तेव्हा त्यांचं सगळं लक्ष मोजण्यात जातं. गाताना मोजणारा गायक मला लांबूनही ओळखू येतो. त्याचा सूर समेच्या दोन मात्रा आधीच आखडतो.

विलंबित एकताल घ्या. मात्रा चार सेकंदांची असेल तर आवर्तन ४८ सेकंदांचं. एवढ्या वेळात कोण अंक मोजणार? तिथे ठेक्यातल्या ओळखीच्या जागा ऐकाव्या लागतात. 'तिरकिट' आवर्तनात दोनदा येतं, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला. नव्या विद्यार्थ्याची हमखास फसगत इथेच होते. पहिलं तिरकिट ऐकून त्याला वाटतं सम आली, तो मुखडा (समेवर आणणारी बंदिशीची ओळ) उचलतो आणि समोर 'तू ना' येतं. ओळखायचं कसं? तिरकिटानंतर 'तू ना' आलं, डग्गा गप्प झाला, की अर्धं आवर्तन बाकी आहे. तिरकिटानंतर 'धी' भरून आला की एक 'ना' आणि मग सम. मी मुलांना फक्त एवढंच ऐकायला लावते. १५ दिवस गायचं नाही, नुसतं ऐकायचं आणि समेला मान हलवायची. १६ वा दिवस उजाडेपर्यंत त्यांना सम शोधावी लागत नाही.

उस्ताद अमीर खाँसाहेबांचा झुमऱ्यातला अतिविलंबित ख्याल ऐका. १४ मात्रा, आणि लय इतकी संथ की नवख्या श्रोत्याला ताल आहे हेच विसरायला होतं. ते गाणं हातावर धरून शिकता येणार नाही. त्या पोरीचा कान देवाने दिलेला आहे, तो अंकांनी झाकू नका.

डग्गेवाला | सोमवार, संध्याकाळी ७.००

मध्यलय, कानाबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. पण हात सोडून द्यावा हे पटत नाही. साथ करताना मी रोज बघतो, ज्यांनी लहानपणी हातावर ताल पक्का केलेला नाही ते मध्य लयीत, ठेका जरा भरून वाजवला की हलतात. त्यांचा ताल माझ्या तबल्यात असतो, त्यांच्या अंगात नसतो. मी तिरकिट गाळलं तर त्यांची सम गेली. हात शिकलेला माणूस मी थांबलो तरी चालत राहतो.

मध्यलय | सोमवार, संध्याकाळी ७.४५

"ताल माझ्या तबल्यात असतो, त्यांच्या अंगात नसतो" हे तुमचं वाक्य मी आज माझ्या वर्गात सांगणार आहे. या मुद्द्यावर मी माझं म्हणणं थोडं मागे घेते. दोन्ही हवं. फक्त क्रम : आधी कान, मग हात. ओसरींच्या लेकीचा क्रम बरोबरच लागला आहे.

सातासमुद्रापार | मंगळवार, पहाटे ४.५०

टोरांटोहून लिहितोय. आमच्या शेजारच्या तमिळ कुटुंबातली मुलं कर्नाटक संगीत शिकतात. त्यांच्याबरोबर कचेरींना (त्यांच्या मैफलींना) जातो तेव्हा सगळं सभागृह मांडीवर ताल धरून बसलेलं असतं. आदितालाच्या ८ अक्षरांत एक टाळी, मग करंगळीपासून तीन बोटं, मग टाळी आणि उलटवलेला हात, पुन्हा टाळी आणि उलटवलेला हात. तिथे ठेका असा प्रकार नाही, मृदंगम् सतत वेगळं वाजवतो, म्हणून हात जिवंत राहिला असावा. मृदंगधून यांनी धृपदाबद्दल लिहिलं ते वाचून हे डोळ्यांसमोर आलं. आपल्याकडच्या मैफलीत श्रोते समेला एकदम मान हलवतात, "वाह" म्हणतात आणि मधे शांत असतात. त्यांच्याकडे पूर्ण आवर्तन सगळे मिळून चालतात. मला दोन्ही ठिकाणी तितकंच रमायला होतं.

माझा एक प्रश्न. आजोबा अंगठ्याने बोटांच्या पेरांवर मोजायचे, प्रत्येक बोटाची तीन पेरं, चार बोटांची बारा. एकताल बरोबर बसायचा. तीनतालाला ते बोटाचं टोकही धरायचे, म्हणजे चार चोक सोळा. असं अजून कोणी शिकवतं का?

पेरांवर_सोळा | मंगळवार, सकाळी ८.२०

माझं इथलं नाव त्यावरूनच आहे. वडिलांनी शिकवलं. एसटीत, रांगेत, कुठेही हात खिशात ठेवून आवर्तनं मोजता येतात. माझे गुरुजी खालीला 'काल' म्हणत. "तीन टाळ्या, एक काल." जुन्या मराठी पुस्तकांतही तो शब्द आहे.

ओसरी, एक सावधगिरीची सूचना. घरात दोन वेगळ्या लेखनपद्धतींची पुस्तकं नाहीत ना ते बघा. भातखंडे पद्धतीत समेला × लिहितात आणि खालीला ०. पलुस्कर पद्धतीत समेला १ आणि खालीला +. हाताने उतरवलेल्या वहीत + आणि × सारखेच दिसतात. माझ्या भाचीने एक पूर्ण झपताल खालीपासून पाठ केला होता.

ओसरी | मंगळवार, सकाळी ९.००

वही तपासली. दोन्ही आहेत! बाईंनी दिलेली पानं एका पद्धतीची, माझ्या जुन्या वहीतली दुसऱ्या. आज सगळं एका पद्धतीत लिहून काढते.

कुळागर | मंगळवार, दुपारी १२.१५

हात जुना, ठेका नवा अशी चर्चा चाललीय आणि खाप्रूमामांचं नाव अजून कसं आलं नाही? आमच्या गोव्याचे लक्ष्मण पर्वतकर, सगळे त्यांना खाप्रूमामा म्हणत. लयभास्कर ही त्यांची ओळख. एका हाताने एक ताल, दुसऱ्या हाताने दुसरा, पायांनी आणखी वेगळे, आणि सगळे एकाच वेळी धरून समेला एकत्र आणायचे, असं त्यांच्याबद्दल लिहून ठेवलेलं आहे. लहानपणी आमच्या घरी पाहुणे जमले की त्यांच्या गोष्टी निघत. वडील मला एका हाताने दादरा आणि दुसऱ्याने केरवा धरायला लावायचे. सहा आणि आठ. चोवीस मात्रांनी दोघांची सम एकत्र यायची. ती एकत्र आली की पोटात जो आनंद व्हायचा तो मला आजही आठवतो.

त्या मुलीला सांगा, खाप्रूमामांसारख्या माणसाने आयुष्य ज्या हातांना दिलं, तिचा हात त्यांच्याच वाटेवरचा आहे.

दुगुन | मंगळवार, रात्री ९.३०

रूपकाबद्दल कोणीच बोललं नाही. ७ मात्रा, ती ती ना | धी ना | धी ना. आम्हाला समेवरच खाली शिकवली, टाळ्या चौथीला आणि सहावीला. पण आमच्या वर्गात आलेले एक पाहुणे तबलावादक म्हणाले की सम ही सम आहे, तिथे टाळीच द्यायची. परीक्षेत काय करायचं?

मृदंगधून | मंगळवार, रात्री १०.१५

परीक्षेत खालीच दाखवा, रूपकाची प्रचलित रीत तीच आहे. तुमच्या पाहुण्यांचं म्हणणं मात्र मला समजतं. पखवाजाचा तीव्रा ताल रूपकासारखाच ७ मात्रांचा, ३-२-२ चा : धा दिं ता | तिट कत | गदि गन. तिथे पहिलीला धा आणि टाळी, खाली कुठेच नाही. ज्याच्या हातात तीव्रा बसला आहे त्याला रूपकाच्या समेला रिकामा हात करणं अवघड जातं.

डग्गेवाला | मंगळवार, रात्री १०.४०

यात मला ऐकायला एक गोष्ट फार आवडते. रूपकात एकल वादन चाललेलं असतं, तिहाई (एकच तुकडा तीनदा) येते, तिहाईचा शेवटचा 'धा' समेवर पडतो, डग्ग्यासकट. आणि लगेच ठेका 'ती ना' असा पुढे निघतो. एका आवर्तनापुरती ती रिकामी सम भरून जाते. इतर तालांत समेचा धा अपेक्षितच असतो, रूपकात तो कोणीतरी आणून ठेवलेला असतो. श्रोत्यांतून दाद येते ती त्यासाठी.

तिहाईवरून आठवलं. ओसरीताई, लेकीला नववी मात्रा आवडती करून द्यायची असेल तर तिला तिथून तिहाई शिकवा. नववीपासून समेसकट मोजलं तर नऊ मात्रा होतात. तीन त्रिक नऊ. नववीला तोंडाने सुरू करायचं :

तिट कत धा, तिट कत धा, तिट कत धा

पहिला धा अकरावीला, दुसरा चौदावीला, तिसरा समेवर. हातावर ताल धरून म्हणायचं. हात नववीला उघडतो त्याच क्षणी तोंडातून 'तिट' सुटायला हवं. एका मात्रेने उशीर झाला तर शेवटचा धा समेच्या पुढे जाऊन पडतो आणि तिचं तिला कळतं. मला वाटतं दहावीचा प्रश्न यातून आपोआप सुटेल.

ते जमलं की समेपासूनची. समेपासून पुढच्या समेसकट सतरा मात्रा. सतराचे तीन समान भाग होत नाहीत, म्हणून मधे एक-एक मात्रा श्वास घ्यायचा : पाच, एक, पाच, एक, पाच. तिट कत गदि गन धा, थांबा, तिट कत गदि गन धा, थांबा, तिट कत गदि गन धा. धा येतात पाचवीला, अकरावीला आणि समेवर.

वारीची_वाट | बुधवार, सकाळी ६.३०

मी शास्त्रीय शिकलेलो नाही. देहूजवळच्या गावातला, भजनात टाळ वाजवतो. हा सगळा धागा दोनदा वाचला.

आमच्याकडे मुलगा पाच-सहा वर्षांचा झाला की हातात टाळ देतात. मोजायला कोणी शिकवत नाही. टाळ दोन प्रकारे वाजतो, मोकळा सोडला तर घुमतो आणि दाबून धरला तर नुसता आघात येतो, गुंज नाही. भजनाच्या ठेक्यात कुठे सोडायचा आणि कुठे दाबायचा हे शेजारच्याच्या हाताकडे बघून येतं. पखवाजवाला बुवांच्या चालीप्रमाणे लय वाढवतो तेव्हा ५० माणसांचे टाळ एकदम वाढतात, कोणी इशारा करत नाही. तुम्ही टाळी आणि खाली म्हणता ते वाचताना मला सारखं वाटत होतं की आमचा मोकळा टाळ आणि दाबलेला टाळ हेच आहे. शब्द माहीत नव्हते.

मृदंगधून | बुधवार, सकाळी ९.१०

माऊली, सशब्द आणि निःशब्द याहून सोपं करून कोणी सांगितलेलं मी वाचलेलं नाही. शार्ङ्गदेवाच्या काळात हात आणि झांज दोन्ही ताल धरत. तुमच्या टाळात ती परंपरा सरळ चालत आलेली आहे. पखवाज तर तुमच्या-माझ्यात सामायिकच आहे.

मध्यलय | बुधवार, दुपारी २.००

वारीची वाट, तुम्ही "शेजारच्याच्या हाताकडे बघून येतं" लिहिलंत. आम्ही क्लासमधे मुलांना एकेकट्याला ताल धरायला लावतो, परीक्षेसारखं. उद्यापासून आमची सगळी मुलं गोल बसून एकत्र धरणार.

ओसरी | रविवार, रात्री ८.५०

आठवडाभर काय झालं ते सांगते, सगळ्यांनी इतकं दिलं आहे.

सोमवार ते बुधवार तिला हात धरायला सांगितलाच नाही. डग्ग्याची झोप-जाग ऐकणं चाललं होतं. तीनताल, तिलवाडा, मग तो दिल्लीचा कायदा. कायद्यात डग्गा सातवीला मिटतो हे तिने दुसऱ्याच आवर्तनात सांगितलं. गुरुवारी 'धिं धिं धा धा' म्हणून दाखवलं. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली, "म्हणजे मी पुढच्या वाक्याला खाली दिली." मी हो म्हटलं.

शुक्रवारी तिहाई. पहिल्या पाच-सहा वेळा शेवटचा धा समेच्या पुढेच गेला. मग एकदा बरोबर पडला आणि ती उडी मारून उठली. त्यानंतर हात नववीलाच उघडतोय, आणि दहावीला ती मान किंचित खाली घालते, डग्ग्यासाठी. ते मी तसंच राहू दिलं आहे.

एकताल, मृदंगधून यांनी विचारलं होतं म्हणून. नुसतं ऐकून धर म्हटलं तर तिने समेला टाळी दिली, तिसरीला टाळी दिली, आणि पाचवीला तळवा उघडला. अगदी तुम्ही लिहिलंत तसं, हाताच्या नियमाच्या उलट. मग चौताल ऐकवला आणि हात दाखवला. "हा हात याचा आहे" असं तिचं म्हणणं पडलं.

आणि आज दुपारी मी स्वयंपाकघरात होते, ती दादऱ्यावर एक भजन म्हणत होती. अचानक थांबली आणि धावत आली. "आई, दादऱ्यातही तसंच आहे. चौथीला खाली, पण तिथे धा आहे. डग्गा पाचवीला झोपतो." मी अजून तपासून पाहिलेलं नाही. बरोबर आहे का?

डग्गेवाला | रविवार, रात्री ९.०५

बरोबर आहे. धा धी ना | धा ती ना. तिला दुसऱ्या मात्रेपासून म्हणायला सांगा : धी ना धा, ती ना धा.